सहीमागची कुळकथा : संग्राहक वाचकांचे प्रश्न

स्वाक्षरी केलेल्या संगीतवस्तूंविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेली बरीचशी पत्रे फ्रेडी मर्क्युरी या एकाच गायकाविषयी आहेत आणि त्याचे मला नवल वाटले नाही. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा हा गायक पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला, ही गोष्ट आपल्याकडे रॉक ऐकणाऱ्या प्रत्येक घरात अभिमानाने सांगितली जाते. त्या आपलेपणामुळे त्याची सही समोर आली की ती खरीच असावी, असे मन आधी ठरवून टाकते. म्हणून त्या प्रश्नांना या वेळी अधिक जागा दिली आहे.

माझे थोरले काका १९७४ ते १९७९ या काळात लंडनजवळ हाउन्स्लो येथे नोकरीला होते. त्यांच्या निधनानंतर ट्रंकेत ‘क्वीन’ची ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ ही एलपी, म्हणजे ग्रामोफोनची मोठी तबकडी, सापडली. पांढऱ्या कव्हरवर निळ्या शाईत फ्रेडी मर्क्युरी यांची सही आहे. काकांनी याबद्दल घरात काही सांगितल्याचे कोणाला आठवत नाही. ही सही अस्सल आहे का, हे पुण्यात कोणाकडून तपासून घ्यावे? – अ. दे., कोथरूड

तपासणीचा विचार करण्याआधी आपणांस एक विनंती आहे. ट्रंकेतल्या बाकीच्या वस्तू अजून आवरल्या नसतील, तर त्या तशाच ठेवाव्यात. एलपी काढून घेऊन उरलेले कागद रद्दीत देण्याची चूक अनेक घरांत होते आणि ती नंतर दुरुस्त करता येत नाही. जुनी डायरी, दुकानाची पावती, कार्यक्रमाचे तिकीट, घरी पाठवलेली एरोग्रामची पत्रे, मित्रांबरोबरची छायाचित्रे यांपैकी एखादी वस्तू त्या सहीची साक्षीदार असू शकते. सही हातोहात आपल्यापर्यंत कशी आली, याची साखळी मला सहीच्या अक्षरापेक्षाही अधिक बोलकी वाटते, कारण अक्षराची नक्कल एका माणसाला करता येते, परंतु पन्नास वर्षांपूर्वीच्या पाच वेगवेगळ्या कागदांनी एकमेकांना दिलेला दुजोरा सहजासहजी बनवता येत नाही.

पुण्यात ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याची गरज नाही. १९१० साली वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जुन्या कागदांवर काम करणारी मंडळी कागद हाती आला की आधी विचारतात, तो कोणत्या दप्तरात होता आणि कोणाच्या घरातून आला. मोडीचे वळण, मोर्तब, कालगणना, कागदाची जात हे सगळे त्यानंतर येते. वतनाच्या भांडणांत बनावट महजर (निवाड्याचे कागद) आणि सनदा तयार होत असत, हे ठाऊक असल्यामुळेच त्यांना ही शिस्त लागली. आपल्या काकांच्या ट्रंकेला तोच मान द्यावा. काकू असतील तर त्यांना, नसतील तर काकांच्या तिथल्या सहकाऱ्यांना विचारावे. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, खाली तारीख घालावी आणि त्यांची सही घ्यावी. आठवण अर्धवट असली तरी तशीच लिहावी. तिला सोयीस्कर शेवट जोडू नये.

आता वस्तूकडे वळू. ही एलपी इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९७५ मध्ये प्रकाशित झाली, म्हणजे काकांच्या वास्तव्याशी काळ जुळतो. त्या वर्षी २४ डिसेंबरला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये आणि पुढच्या वर्षी १८ सप्टेंबरला हाइड पार्कमध्ये ‘क्वीन’चे मोठे कार्यक्रम झाले. मर्क्युरींचे आईवडील हाउन्स्लोलाच लागून असलेल्या फेल्टम भागात राहत होते. या सगळ्यावरून भेट शक्य होती एवढेच ठरते, भेट झाली असे ठरत नाही. हा फरक आपण कसोशीने पाळावा, कारण कथा इतकी छान जुळत असली की आपणच आपली फसवणूक करून घेतो.

तबकडी आणि कव्हर त्याच काळातले आहे का, हे घरी पाहता येते. १९७५ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एलपीवर बारकोड नसे, त्यामुळे मागच्या बाजूस बारकोड आढळला तर कव्हर नंतरच्या आवृत्तीचे आहे. तबकडीच्या लेबलाजवळच्या कोऱ्या भागात कोरलेले क्रमांक तिरप्या उजेडात वाचून लिहून ठेवावेत. त्यांवरून ती कोणत्या छपाईची आहे, हे जाणकार सांगू शकतात. लेबलावर दमदमच्या ग्रामोफोन कंपनीचे नाव निघाले, तर मात्र थांबून विचार करावा. भारतात निघालेली एलपी इंग्लंडमधल्या गायकाच्या हातात कशी गेली, याचे वेगळे उत्तर द्यावे लागेल, कारण मर्क्युरी यांच्या हयातीत ‘क्वीन’चा कार्यक्रम भारतात कधीच झाला नाही.

त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्यावे. छापील सहीची रेषा भिंगाखाली बहुधा ठिपक्यांची बनलेली दिसते. हाताने केलेल्या सहीत शाई कुठे दाट, कुठे विरळ असते आणि जिथे एक रेषा दुसरीला ओलांडते तिथे दोन थर दिसतात. बॉलपेनने सही केली असेल तर कागदावर हलकी खाच पडलेली असते. जुन्या कव्हरवर आतल्या तबकडीच्या कडेचा गोल वळ उठतो आणि तिथला पुठ्ठा झिजतो. सहीची रेषा त्या वळावरून जात असेल तर नीट पाहावे. आधी सही आणि मग झीज झाली असेल, तर वळाबरोबर शाईही घासलेली दिसेल. शाई मात्र झिजलेल्या तंतूंत उतरून पसरली असेल, तर सही कव्हर जुने झाल्यावर केलेली आहे. पन्नास वर्षांपूर्वी नव्या एलपीवर घेतलेल्या सहीत असे होणार नाही. या एका खुणेने मी अनेक निर्णय घेतले आहेत.

अक्षराविषयी थोडेच सांगतो. नक्कल करणारा अक्षर चितारतो, त्यामुळे रेषेची सुरुवात आणि शेवट बोथट असतात आणि मध्ये बारीक थरथर दिसते. दिवसाला शेकडो सह्या करणाऱ्या माणसाचा हात कागदाला टेकण्याआधीच चालू झालेला असतो. तुलना करताना १९७५ आणि १९७६ सालच्या खात्रीच्या सह्याच समोर ठेवाव्यात, दहा वर्षांनंतरच्या ठेवू नयेत.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की रॉक गायकांच्या सह्यांवर ज्याचे मत जगभर मानले जाईल, असा तज्ज्ञ पुण्यात माझ्या माहितीत नाही. अमेरिकेतील पीएसए, जेएसए आणि बेकेट या संस्था सह्या तपासतात. इंग्लंडमध्येही संगीतक्षेत्रातल्या सह्यांचे जुने व्यापारी आहेत. त्यांच्यापैकी काही जण छायाचित्रावरून प्राथमिक मत देतात. आधी स्वच्छ उजेडात काढलेली मोठी छायाचित्रे पाठवावीत, कव्हर पोस्टात टाकण्याची घाई करू नये. एकाचे मत अनुकूल आले तरी दुसरे घ्यावे, आणि दोन्ही मते लेखी स्वरूपात आपल्या कागदपत्रांत जोडावीत.

तरुणपणी मी जुन्या बाजारात एका ब्रिटिश गायकाचे सही केलेले छायाचित्र घेतले होते आणि पंधरा वर्षे ते जिवापाड जपले. मग मुंबईच्या एका संग्राहकाकडे मला तेच छायाचित्र दिसले. त्यावर तीच सही होती आणि आडनावाच्या शेवटी रेषेचा तोच तुटका तुकडा होता. दोन्ही छापील प्रती होत्या, चाहत्यांना वाटण्यासाठी काढलेल्या. पैशांचे दुःख लवकर ओसरले, पण इतक्या वर्षांत एकदाही भिंग हातात घेतले नव्हते, याची खंत अजून वाटते. म्हणूनच आपणांस इतके विस्ताराने लिहिले.

पाचगणीच्या एका विक्रेत्याकडे शाळेच्या वहीचे एक पान आहे. त्यावर ‘फ्रेडी मर्क्युरी’ अशी सही आणि १९६१ हे साल आहे. तो ४० हजार रुपये मागतो. सोबत प्रमाणपत्रही देतो. घ्यावे का? – रु. मि., कॅम्प

घेऊ नये. मर्क्युरी यांचे मूळ नाव फरोख बलसारा. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला आणि वयाच्या आठव्या वर्षी ते पाचगणीला आले. शाळेत त्यांना फ्रेडी म्हणत असत, हे खरे आहे. १९५८ साली त्यांनी मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद सुरू केला, हेही खरे आहे. मर्क्युरी हे आडनाव मात्र त्यांनी लंडनमध्ये, १९७० च्या सुमारास ‘क्वीन’ची स्थापना झाली त्या वेळी घेतले. पाचगणी सोडून ते झांझिबारला परतले, तिथे क्रांती झाल्यावर १९६४ साली कुटुंबासह इंग्लंडला गेले आणि त्यानंतर काही वर्षांनी हे नाव जन्माला आले. १९६१ सालच्या शाळकरी मुलाने ते वहीवर लिहिणे शक्यच नाही. अशा वेळी शाई, कागद, वळण यांपैकी काहीही तपासण्याची गरज उरत नाही.

प्रमाणपत्राविषयीही सांगतो. विकणाऱ्यानेच दिलेले प्रमाणपत्र म्हणजे विकणाऱ्याचेच म्हणणे दुसऱ्या कागदावर. ज्या माणसाला खोटी सही करता येते, त्याला खोटे प्रमाणपत्र छापणे त्याहून सोपे असते.

पाचगणीच्या काळातली अस्सल वस्तू मिळणारच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. त्या काळी मुले शाळा सोडताना मित्रांकडून छोट्या वहीत सह्या आणि संदेश लिहून घेत. एखाद्या वर्गमित्राच्या घरी अशी वही असेल आणि तीत बलसारा हे नाव इतर मुलांच्या नावांबरोबर सहज आलेले असेल, तर तो माझ्या दृष्टीने अमोल ठेवा ठरेल. शाळेच्या दप्तरातून, हजेरीपटातून किंवा ग्रंथालयाच्या पुस्तकातून फाडलेले पान कोणी दाखवले, तर ते अस्सल असले तरी घेऊ नये. ते शाळेचे आहे, आणि आपण पैसे मोजले की उद्या दुसरे पान फाडले जाते.

लंडनच्या लिलावात मर्क्युरी यांच्या वस्तूंना कोट्यवधी रुपये मिळाल्याचे वाचले. मग त्यांच्या सहीत पैसे गुंतवावेत का? – श्री. ज., बाणेर

आपण म्हणता तो लिलाव सोदबीज या संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये केला. मर्क्युरी यांचा यामाहा पियानो १७ लाख ४२ हजार पौंडांना गेला आणि ‘बोहेमियन रॅप्सडी’ या गीताचे हस्तलिखित सुमारे १३ लाख ८० हजार पौंडांना गेले. या वस्तू त्यांच्या घरातून थेट आल्या होत्या. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले आणि घर त्यांच्या जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिन यांच्याकडे आले. त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ ते जपले आणि मग वस्तू लिलावाला दिल्या. मधल्या काळात वस्तूंचा हात बदललाच नाही, आणि एवढी स्वच्छ साखळी बाजारात क्वचितच मिळते.

त्या हस्तलिखिताविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण संग्राहकाने कागद कसा वाचावा हे त्यातून शिकता येते. ते पंधरा पानांचे आहे आणि ब्रिटिश मिडलंड या विमान कंपनीच्या कोऱ्या कागदांवर लिहिलेले आहे. त्या कागदांवर १९७४ सालचे कॅलेंडर छापलेले आहे आणि एका पानावर ‘मंगोलियन रॅप्सडी’ असे नाव लिहून ते खोडलेले दिसते. गीत प्रकाशित झाले ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी. त्याआधीची जुळवाजुळव, नाव बदलणे, हाताशी आलेला कागद वापरणे हे सगळे तिथे उघड दिसते. लेखनाची वाटचाल दाखवणाऱ्या अशा कागदाची किंमत एका कोऱ्या कार्डावरच्या सहीला लावता येणार नाही.

म्हणून गुंतवणूक म्हणून सही घेण्याचा सल्ला मी देणार नाही. लिलावात हातोडा पडल्यानंतर खरेदीदाराला संस्थेचे शुल्क वेगळे द्यावे लागते, परदेशातून मागवल्यास पोस्ट, विमा आणि सीमाशुल्क येते, आणि विकताना हीच वजावट उलट बाजूने सोसावी लागते. ज्याचे गाणे आपण ऐकत नाही, त्याची सही घेऊन ठेवण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. घ्यायचीच असेल तर कोणाच्या तरी नावाने दिलेली, म्हणजे ‘अमुक यांस’ असे लिहिलेली सही शोधावी. व्यापारी तिला कमी भाव देतात, परंतु ती खरी असण्याची शक्यता माझ्या अनुभवात अधिक असते.

हयात असलेल्या ब्रिटिश गायकाला पत्र पाठवून सही मागता येते का? – कु. सा., हडपसर

येते, पण उत्तराची खात्री धरू नये. ‘बीटल्स’चे ड्रमवादक रिंगो स्टार यांनी २००८ साली जाहीर करून टाकले, की २० ऑक्टोबरनंतर आलेल्या चाहत्यांच्या पत्रांना सही मिळणार नाही. काही वेळा उत्तर येते, परंतु सही सहायकाची असते. बीटल्सच्या वतीने त्यांचे सहायक नील ॲस्पिनॉल आणि माल एव्हान्स सह्या करीत, हे आता सर्वज्ञात आहे. आजकाल गायक नवीन अल्बम काढताना त्यांच्या अधिकृत दुकानातून सही केलेल्या प्रती मर्यादित संख्येने विकतात. नव्या संग्राहकासाठी तो मार्ग मला बरा वाटतो. तिथली पावती आणि ज्या पाकिटातून प्रत आली ते पाकीटही जपून ठेवावे. तरीही डोळे उघडे असावेत. २०२२ साली बॉब डिलन यांच्या ५९९ डॉलर किमतीच्या सही केलेल्या पुस्तकांवरच्या सह्या ऑटोपेन या यंत्राने केल्याचे उघड झाले. प्रकाशकाने पैसे परत केले आणि डिलन यांनी जाहीर माफी मागितली. ही लबाडी चाहत्यांनी सह्या शेजारी शेजारी ठेवून पकडली, कारण यंत्राची सही दर वेळी तंतोतंत एकच येते आणि माणसाची कधीच येत नाही.

माझा भाऊ १७ मार्च २००७ रोजी बंगळुरूला ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला गेला होता. त्याच्याकडे त्यांचे गायक ब्रूस डिकिन्सन यांची सही असलेला टी-शर्ट आणि तिकीट आहे. दोन्ही लॅमिनेट करून किंवा फ्रेम करून दिवाणखान्यात लावावे, असे घरच्यांचे मत आहे. – मी. गो., सहकारनगर

लॅमिनेशन कृपया करू नये. उष्णतेने आणि गोंदाने कागद व प्लास्टिक एकजीव होतात आणि पुन्हा कधीही सुटत नाहीत. सेलोटेपलाही तोच नियम लागू आहे.

तिकिटाची आज मागून पुढून उत्तम छायाचित्रे काढावीत. ते थर्मल कागदावर छापलेले असेल, तर उष्णतेने आणि उजेडाने मजकूर फिका होत जातो. सही राहील, पण ती कोणत्या दिवशीच्या कार्यक्रमाची, हे सांगणारी अक्षरे जातील. तिकीट पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनच्या पारदर्शक पाकिटात ठेवावे. पीव्हीसीची स्वस्त पाकिटे वापरू नयेत, त्यांतून निघणारे द्रव्य शाईला चिकटते. टी-शर्ट धुऊ नये आणि त्याला इस्त्री करू नये. आम्लरहित कागदात सैल गुंडाळून, घडीच्या जागी त्याच कागदाचे बोळे भरून, तो सपाट पेटीत ठेवावा.

पुण्याची हवा या बाबतीत फसवी आहे. मार्च ते मे या काळात ती इतकी कोरडी असते की पुठ्ठे वाकतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर त्याच कपाटात बुरशीचा वास येऊ लागतो. कागदाला आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान स्थिर असलेली मानवते. साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवावा, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओल धरू लागल्या की वाळवून पुन्हा वापराव्यात. बाहेरच्या भिंतीला, न्हाणीघराच्या भिंतीला किंवा माळ्यावर काहीही ठेवू नये. डांबराच्या गोळ्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, म्हणून त्या या कपाटात नकोत. कसर आणि वाळवी यांवर दर महिन्याला कपाट उघडून पाहण्यासारखा दुसरा उपाय नाही.

दिवाणखान्यात काही लावायचेच असेल, तर तिकिटाची उत्तम रंगीत प्रत फ्रेम करावी. मूळ तिकीटच लावण्याचा आग्रह असेल, तर फ्रेमवाल्याला अतिनील किरण अडवणारी काच आणि आम्लरहित माउंट मागावे, काच कागदाला टेकू देऊ नये आणि फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नये. संग्रहालये कागदावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपासच उजेड पडू देतात. आपल्या दिवाणखान्यात दुपारी त्याच्या कितीतरी पट असतो. आणि भावाला आजच बसवून, त्या दिवशी सही कुठे, कोणत्या वेळी, कोणत्या पेनाने मिळाली आणि शेजारी कोण उभे होते, हे त्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावे आणि तो कागद तिकिटाच्याच पेटीत, पण वेगळ्या पाकिटात ठेवावा.